गव्हाणीत तोंड

त्या दिवशीही आधी बाबा निघाले आणि मग बऱ्याच वेळाने ती. निघण्यापूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे गच्चीवर जाऊन खुराड्याची कडी काढली, कोंबड्यांना ओंजळभर खाद्य टाकलं, त्यांच्याशी काहीबाही बोलले आणि खाली येऊन उभ्याउभ्याच चहा घेतला. बसून चहा घेतला की अंग जड होतं, असं त्यांचं म्हणणं. कप विसळून पालथा घातला. दारात चपला सरकवताना “येतो गं मैने” म्हणाले आणि ती पुस्तकातून डोकं न काढता “हं” म्हणाली. इतकंच. पुढे तिने तो दिवस कितीदा तरी उलगडून पाहिला, पण सकाळच्या वाट्याला यापेक्षा जास्त काही सापडलं नाही.

ते सायकलने मागच्या रस्त्याने जायचे, ती चालत पुढच्या रस्त्याने. त्यांचं फाटक वेगळं, तिचं वेगळं. कारखाना मात्र एकच होता.

कारखाना जनावरांच्या खाद्याचा. मका, पेंड, कोंडा आणि मळी एका अंगाने आत जायची आणि दुसऱ्या अंगाने बोटाच्या पेराएवढ्या कांड्या होऊन पोत्यांतून बाहेर पडायची. हवेत कायम पीठ. त्या भागातल्या माणसांच्या भुवया सुट्टीच्या दिवशीसुद्धा पांढुरक्या दिसायच्या. बाबा मिक्सरवर होते, तिचा जन्म व्हायच्या आधीपासून. आणि ती वरच्या काचेच्या खोलीत, साहेबांच्या टेबलाशेजारच्या लहान टेबलावर, दुभाषी म्हणून.

कंपनीचा नियम असा की कचेरीत बसणाऱ्याचं रक्ताचं कुणी खाली यंत्रांवर असता कामा नये. खालच्या बातम्या वर आणि वरच्या खाली, असं होऊ नये म्हणून. तिने तशा अर्थाच्या कागदावर सही केलेली होती. आडनावाची अडचण नव्हती. लग्न मोडलं तरी नवऱ्याचं आडनाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं होतं, ते असं कामी आलं. पत्ता आत्याचा दिला. हे सगळं बाबांनीच जुळवून आणलं होतं. पुस्तकं वाचून वाचून डोळ्यांखाली काळं झालेली, नवऱ्याकडून परत आलेली मुलगी दिवसभर दोन खोल्यांत बसून असते, हे त्यांना बघवत नव्हतं; आणि त्या गावात इंग्रजीला गिऱ्हाईक एकच होतं. नोकरी लागली त्या रात्री त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, “फाटकाच्या आत मी तुला ओळखत नाही. तू मला ओळखू नकोस. घरी आल्यावर काय भांडायचं ते भांडू.”

खाली सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. पोती शिवण्याच्या मशीनवर बसणारी मावशी तिला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली. तीसुद्धा जिन्यात समोर आली की “काय दुभाषीबाई, बरं आहे ना” असं अगदी परक्यासारखं विचारायची आणि पुढे गेल्यावर स्वतःशीच हसायची. वरच्यांना तेवढं माहीत नव्हतं.

दुभाष्याच्या धंद्याचाही एक नियम असतो. ‘साहेब असं म्हणतात’ अशी शेपटी लावायची नाही. साहेब ‘मी’ म्हणाले की आपणही ‘मी’ म्हणायचं. आपण मध्ये नाहीच, अशा रीतीने. साहेब पुरुष, म्हणून तीही “मी सांगतो”, “मी पाहिलं, मी विचार केला, मी ठरवतो आहे” असं बोलायची. पहिल्या दिवशी खाली खसखस पिकली होती. मावशी म्हणाली होती, बाई गं, हिला मिशा कधी फुटल्या. मग सवय झाली. सवय इतकी झाली की तिच्या आवाजातलं ‘मी’ तिचं आहे अशी शंकाही कुणाला यायची नाही, आणि पुढेपुढे तिलाही यायची नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटताना साहेबांनी खाली सगळ्यांना उभं केलं. विषय सांडलवंडीचा होता.

पट्ट्यावरून, नळकांड्यातून, फाटक्या पोत्यातून जे खाली सांडतं ते परत मिक्सरमध्ये घालता येत नाही. कशात काय मिसळलं आहे याचा भरवसा नसतो. ते झाडून एका कोपऱ्यात गोळा व्हायचं. दर शनिवारी बाबा एक पोचा पडलेला डबा घेऊन त्या ढिगापाशी बसायचे आणि ज्याच्या घरी शेळी, कोंबडी, ससा काही असेल त्याला मापून द्यायचे. कुणाला अर्धं माप जास्त नाही, कुणाला चिमूट कमी नाही. स्वतःचं सगळ्यांत शेवटी. त्यावरून त्यांचं नाव मापारी पडलं होतं. ही पद्धत कुणी सुरू केली ते कुणाला आठवत नव्हतं. कागदावर ती कुठेच नव्हती, आणि तीच तिची अडचण झाली. वरच्या कार्यालयातून तपासनीस येऊन गेले होते, त्यांनी कोपऱ्यातला ढीग पाहिला होता, आणि साहेबांना त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

साहेब तसे वाईट नव्हते. परमुलखातून येऊन एकटे राहत, शिपायाच्या मुलीच्या आजारपणात त्यांनी स्वतःचा डॉक्टर पाठवला होता. पण ऐकून घेतलेलं त्यांना जिरत नव्हतं. आजपासून सांडलवंड बंद, ती खड्ड्यात पुरली जाईल, असं त्यांनी सांगितलं आणि तिने सांगितलं. मावशीने हात वर न करता विचारलं की पुरायचंच आहे तर कोंबड्यांच्या पोटात पुरलं तर काय बिघडतं. हशा झाला. तो हशा तिने इंग्रजीत नेला नाही, पण हशाला दुभाषी लागत नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला आणि ते म्हणाले की पुरे झालं, तुम्हा सगळ्यांची स्नाउट्स या ट्रफमध्ये फार दिवस आहेत.

तिच्याकडे एका श्वासाएवढा वेळ होता. तेवढ्यात काय काय येतं डोक्यात. स्नाउट म्हणजे डुकराचं पुढे आलेलं नाकाड. ट्रफ म्हणजे लांबट कुंड, ज्यात खरकटं ओतलं की कळप अंगावर अंग टाकून घुसतो. कुंड म्हटलं तर देवळातलं वाटतं. हौद म्हटलं तर पाण्याचा. डुक्कर हा शब्द साहेबांनी उच्चारलेला नव्हता. उच्चारला नाही ते आपण उच्चारायचं नाही. आणि गाळायचंही नाही. ती म्हणाली, “मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. तुम्ही सगळे फार दिवस आयत्या गव्हाणीत तोंड खुपसून बसला आहात. ते मी आता चालू देणार नाही.”

हशा विझला. पहिल्या रांगेत बाबा उभे होते, हातात तो डबा. कचेरीतल्या कुणाही माणसाकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं: अदबीने, कोऱ्या डोळ्यांनी. मग डबा पालथा करून आतलं पीठ झटकलं आणि काखेत मारला.

रात्री जेवताना ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. साहेबांनी नक्की काय म्हटलं ते त्यांना शब्दाला शब्द हवं होतं. तिने सांगितलं. मग म्हणाले, “म्हणजे डुक्कर म्हणाला.”

“शब्द नाही वापरला. पण आहे ते डुकराचंच.”

“आणि तू गव्हाण केलीस. बसल्या जागी आमची गाय झाली म्हणायची. उपकार झाले, मैने.”

ते हसत होते, म्हणून तीही हसली. आणि मग, पुस्तकी माणसाला राहवत नाही तसं, ती समजावायला लागली. ही म्हण इंग्रजीत कुठे वापरतात ते सांगितलं. सगळ्यांच्या पैशांवर ताव मारणाऱ्यांबद्दल. खुर्चीवर बसून खाणारे असतात, मंत्री, संचालक, त्यांच्याबद्दल खालची माणसं म्हणतात; वर्तमानपत्रं म्हणतात, व्यंगचित्रांत तर सूटबूट घातलेली डुकरं काढतात. तिरस्काराची म्हण आहे, पण तिचा रोख वरच्या दिशेने असतो. खालून वर फेकायचा दगड आहे तो.

“मग याने वरून खाली कसा टाकला?”

“कारण त्याला वाटतं गव्हाण त्याची आहे.”

बाबांनी जेवणाचा घास तोंडापाशी धरून ठेवला. “आणि भरतं कोण ती?” त्यांनी विचारलं, पण उत्तर मागितल्यासारखं नाही. घास खाल्ला. हात धुऊन आल्यावर जिन्याखालच्या पोत्याकडे गेले. मागच्या शनिवारचं त्यांचं माप त्यात होतं आणि त्याच्या आधीचीही दोन-तीन. कोंबड्या खाऊन खाऊन किती खाणार. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं.

“हे उद्या नेऊन टाकतो परत.”

ती म्हणाली की ते नियमाच्या आधीचं आहे, वाटून मिळालेलं आहे, कुणी मागितलेलंही नाही. ते म्हणाले असू दे. ती म्हणाली जड आहे, सायकलवर नका नेऊ. ते म्हणाले ढकलत नेईन. “असं आहे मैने, कालपर्यंत खाल्लं तेव्हा ते नुसतं सांडलेलं होतं. आज त्याला नाव पडलं. आता ते घरात नको. तोंड पुसून मोकळं व्हावं.”

तिला त्या क्षणी एक गोष्ट सांगायची होती. की संध्याकाळी जो ‘मी’ बोलला तो मी नव्हते. ते त्यांना ठाऊक होतं, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही. ठाऊक असलेल्या गोष्टी घरात कोण सांगत बसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा लवकर निघाले. ती गच्चीवर कोंबड्यांपाशी होती. सायकलच्या मागे आडवं बांधलेलं पोतं आणि हँडल धरून, अंग पुढे झुकवून ढकलणारे बाबा, कोपऱ्यापर्यंत दिसले. चढावर दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांनी मागे वळून वर पाहिलं, पण तिने हात हलवला नाही. रस्त्यावर कारखान्यातलं कुणी असलं तर, म्हणून.

ती काचेच्या खोलीत पोचून कागद लावत होती तेव्हा शिपाई चहा घेऊन आला. साहेबांसमोर कप ठेवला, मग तिच्या टेबलाशी वाकला आणि बशी सरळ करत हळूच म्हणाला की मापारीकाका बाजूच्या फाटकाच्या आत पडले होते, त्यांना दवाखान्यात नेलं आहे, आणि त्यांच्या घरचं जे कुणी असेल त्याने उशीर करू नये असं सगळे म्हणताहेत.

ती उठली. साहेबांना म्हणाली की तिचे मामा अचानक आजारी पडलेत. तिला मामा नव्हते. आईला भाऊच नव्हता. ज्याचा जन्मच झाला नाही तो माणूस त्या क्षणी अंथरुणाला खिळला आणि दुपारपर्यंत वारलादेखील. साहेबांनी स्वतःची गाडी दिली. ड्रायव्हरने एकदाही मागे पाहिलं नाही, आणि विचारलं नाही की मामा त्याच दवाखान्यात कसे. ती पोचली तेव्हा बाबांच्या भुवयांवर पीठ नव्हतं. कामाला लागण्याआधीच गेले होते ते. स्वच्छ.

पुढचं सगळं खालच्यांनी उरकलं. माणसं आली, खांदा दिला, गेली. वरून कुणी आलं नाही, येणार कसं. मापारी म्हणजे वर एक आकडा होता आणि त्याला घर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ती कामावर परतली त्या दिवशी साहेबांनी उठून तिच्या मामांबद्दल मनापासून दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले की खाली एक जुना माणूसही गेला, त्याच्या कुटुंबाला चार ओळी मराठीत लिहायच्या आहेत, जमेल का आज? तिला जमलं. आपल्या निष्ठावान सहकाऱ्याच्या निधनाने आम्हाला अतीव दुःख झालं आहे, असं तिने लिहिलं, साहेबांनी वळणदार सही केली, आणि संध्याकाळी शिपायाने ते पाकीट जिन्यात तिच्या हातात ठेवलं. म्हणाला, पत्ता शोधत फार वणवण झाली असं सांगेन मी वर. ती हसली. त्या दिवसांत ती एकदाच हसली, ते तेव्हा.

पोत्याची गोष्ट तिच्या कानावर आली ती दोन दिवसांनी, आणि तिच्याच तोंडून. साहेबांनी बाजूच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला वर बोलावलं. मापारी पडला तिथे शेजारी सायकल होती, सायकलला पोतं, पोत्यात कंपनीचा माल. आदल्या संध्याकाळी बंदी झाली, दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत म्हातारा पोतं घेऊन फाटकाशी. साहेबांना यात न समजण्यासारखं काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी न्यायाने विचारलं, की तो पोतं बाहेर काढताना तू पाहिलंस का.

पहारेकरी तिच्याकडे बघत नव्हता. फाटक उघडं टाकून तो मागे चहा उकळायला गेला होता. ते कबूल केलं तर घरी बसावं लागेल, आणि पाहिलं म्हटलं तर का अडवलं नाहीस म्हणूनही. तो खालमानेने म्हणाला, “मी पाहिलं नाही.”

तिने मान ताठ ठेवली आणि इंग्रजीत सांगितलं, ‘मी पाहिलं नाही.’

तिने पाहिलं होतं. सगळ्या जगात तिने एकटीने पाहिलं होतं. पोतं घरातून निघताना, गाठ मारताना, चढावर. दिशा कुठली होती हे सांगू शकणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि तेच माणूस साहेबांच्या शेजारी बसून, स्वच्छ उच्चारांत, पाहिलं नाही म्हणत होतं. काचेच्या खोलीत पंखा फिरत होता. तिला वाटलं आपण चारी बाजूंनी काच असलेल्या बरणीत आहोत आणि झाकण आपणच आतून घट्ट लावून घेतलं आहे.

त्या संध्याकाळी शिवणवाली मावशी घरी आली. बसली, पाणी प्यायली, गच्चीवर कोंबड्यांचा गलका ऐकला. मग तिने सांगितलं की खाली दोन तोंडं झाली आहेत. अर्धे म्हणतात मापारी असं करणार नाही. अर्धे म्हणतात की बंदी लागल्यावर माणसाचा तोल जातो, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना मापून देणाऱ्याने एकदा स्वतःला न मापता घेतलं तर काय मोठं. “ही दुसरी माणसं जास्त वाईट,” मावशी म्हणाली. “माफ करताहेत त्याला.” थोडं थांबून तिने विचारलं, “नेत होता का गं तो?”

“परत आणत होते.”

“मग सांग की.”

“कोण म्हणून सांगू?”

मावशीने पदराने ओठ पुसले. “ते मला विचारू नकोस. मी पोत्यांची तोंडं शिवते, माणसांची नाही.”

मावशी गेल्यावर कोंबड्यांना घालायला घरात काही उरलं नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने दुकानातून खाद्य आणलं. पोत्यावर त्यांच्याच कारखान्याचा छाप होता. गच्चीवर बसून ती मूठमूठ टाकत राहिली आणि कोंबड्या एकमेकींना ढकलत, माना खुपसत खात राहिल्या. ती म्हण करणाऱ्याने जनावरं नीट पाहिली असतील, असं तिला वाटलं. भूक अशीच दिसते, जवळून कुणाचीही. फक्त काठाशी उभं राहून पाहणाऱ्याला ती ओंगळ दिसते.

खोटी सही केल्याचं कळलं तर नोकरी जाईल, हे उघड होतं. नोकरी गेली तर उरतील दोन खोल्या, खुराडं आणि दिवस. बाबांनी तिला ज्या दिवसभराच्या बसण्यातून बाहेर काढलं होतं, तिथेच ती परत जाणार. आणि ते त्यांच्यामुळे. त्यांनी स्वतः तिच्यासाठी रचलेली भिंत त्यांच्यासाठीच पाडायची, हे त्यांना चाललं असतं का? फाटकाच्या आत मी तुला ओळखत नाही. त्यांनी तर शेवटच्या घटकेपर्यंत पाळलं होतं. फाटकाच्या आतच पडले आणि तिचं नाव घेतलं नाही.

आठवडा संपता संपता साहेबांनी पुन्हा सगळ्यांना खाली उभं केलं. तीच जागा. कोपऱ्यातला ढीग नव्हता, जमीन घासून काढलेली होती. पहिल्या रांगेत बाबांच्या जागी कुणी उभं राहिलं नव्हतं. माणसं न ठरवता थोडी सरकून उभी होती, दात पडलेल्या जागेसारखी. ती नेहमीसारखी साहेबांच्या अर्धं पाऊल मागे उभी राहिली.

साहेबांनी सुरुवात चांगली केली. गेलेल्या माणसासाठी क्षणभर स्तब्ध राहायला सांगितलं, आणि स्वतः मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले की मला बोलायला जड जातं आहे. तिने सांगितलं, मला बोलायला जड जातं आहे. म्हणाले की मी कुणाच्या मरणावर चिखल उडवू इच्छित नाही. तिने तेही सांगितलं. म्हणाले की पण तुमच्यात कुजबुज चालली आहे, तेव्हा काय घडलं ते मी एकदाच सांगतो आणि विषय संपवतो. तिने सांगितलं. तिचा आवाज अगदी साफ होता.

मग साहेबांनी ते वाक्य म्हटलं. रागाने नाही, खेदाने. की दुःख हेच आहे की ज्याच्या हातात माप होतं, त्याचंसुद्धा स्नाउट शेवटी ट्रफमध्येच होतं. आणि तिच्यासाठी थांबले.

सगळे तिच्याकडे बघत होते. शब्द सगळे तयार होते. गव्हाण, तोंड, खुपसणं, सगळं मागच्या खेपेचं जागच्या जागी होतं. नुसतं उचलून ठेवायचं होतं. एक माणूस बदलायचा, अनेकवचनाचं एकवचन करायचं. तिने तोंड उघडलं आणि “मी,” म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही.

खाली कुणीतरी खोकलं. साहेबांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं तिला म्हण समजली नाही, म्हणून त्यांनी हळू आवाजात, सोप्या शब्दांत ती समजावून सांगितली: म्हणजे तोही घेत होता.

“साहेब म्हणतात,” ती म्हणाली, आणि तिने इतक्या दिवसांत हे दोन शब्द त्या जागी पहिल्यांदा उच्चारले, “साहेब म्हणतात, तेही घेत होते. हे साहेबांचं झालं. आता मी सांगते. पोतं बाहेर चाललं नव्हतं. ते आत येत होतं. शनिवारचं वाटून मिळालेलं होतं, बंदी झाली म्हणून ते परत करायला निघाले होते.”

हेच तिने साहेबांकडे तोंड करून इंग्रजीत सांगितलं. साहेब गोंधळले. हे कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं, यांच्यापैकी कुणी? आणि ते उत्तराची वाट पाहत असतानाच खालून, शिवणयंत्राशेजारून, अगदी परक्या, बाजारात भाव विचारावा तशा आवाजात मावशी म्हणाली, “तुम्हाला हो काय ठाऊक, दुभाषीबाई?”

प्रश्न खालून आलेला होता, तेव्हा तो वर सांगणं भाग होतं. तिने तो साहेबांना इंग्रजीत सांगितला, एकही शब्द न गाळता. मग ती त्यांच्या मागचं ते अर्धं पाऊल पुढे आली. समोर रिकाम्या राहिलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पांढुरक्या भुवयांची माणसं उभी होती.

“मी त्यांच्या घरात राहते,” ती म्हणाली. “पोत्याला त्यांनी गाठ मारली तेव्हा मी तिथेच होते. ते चढावर थांबले, त्यांनी वळून पाहिलं, ते माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला नाही. ते माझे बाबा.”